न मागितलेली गाणी

खिसा चाचपू नका. जे यंत्र तुम्ही शोधताय, ते अजून कुणाच्याच खिशात नाही. ऑक्टोबर २००० चालू आहे, दुपारचे तीन वाजलेत आणि तुम्ही काळ्या घोड्यापाशी उभे आहात. पाठीमागे जहांगीर आर्ट गॅलरी, रस्ता ओलांडला की ऱ्हिदम हाऊस. ऑक्टोबरच्या उन्हानं शर्ट पाठीला चिकटलाय. दार ढकलल्यावर आधी अंगावर येतो तो आतला गारवा, मग नव्या प्लास्टिकचा वास. हे दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद होणार आहे. ते तुम्हाला ठाऊक आहे, इथे कुणालाच नाही. मनात ठेवा आणि आत चला.

रांगेनं लावलेल्या कॅसेटींची नावं कडेला छापलेली असतात, म्हणून इथे सगळेच मान कलती करून फिरतात. तुम्हीही तसेच फिरताय. तुम्हाला हवंय एकच गाणं. मित्राच्या खोलीवर रात्री कुणीतरी लावलं होतं. भाषा कळली नाही, शब्द ओळखीचे नव्हते, पण त्यातली आळवणी डोक्यातून जाईना. काउंटरपलीकडचा माणूस तुमचं गुणगुणणं चार सेकंद ऐकतो आणि मागे न बघता हात घालून कॅसेट काढतो. इंडियन ओशन, ‘कंदिसा’. खिशात शंभराची नोट आहे. सीडी परवडत नाही, कॅसेट परवडते, आणि परतीचं लोकलचं तिकीटही.

ओव्हलच्या कडेनं चालत तुम्ही चर्चगेटला येता. दुपारची धीमी लोकल, खिडकीची जागा. वेष्टनाचं प्लास्टिक दातानं फाडायचं, कॅसेट वॉकमनमध्ये घालायची, आतला घडीचा कागद उलगडायचा. या कागदाकडे नीट बघा, कारण पुढच्या दहा वर्षांत हाच सगळ्यात आधी नाहीसा होणार आहे. कोण गातंय, कोण काय वाजवतंय, शब्द कुणाचे, हे सगळं बारीक अक्षरात. सुस्मित सेन गिटारवर, राहुल राम बेसवर, अमित किलम ड्रम्सवर. असीम चक्रवर्ती तबल्यावर, आणि तो गातोही. मांडी घालून तबला वाजवता वाजवता गाणारा माणूस रॉकच्या मंचावर तुम्ही तोवर पाहिलेला नाही.

‘कंदिसा’ हे गाणं म्हणजे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे, अरामी परंपरेतून आलेली. दिल्लीचे चार जण ती गातात आणि मरीन लाइन्सपासून ग्रँट रोडपर्यंतचा प्रवास देवळाच्या गाभाऱ्यातून झाल्यासारखा वाटतो. पण त्यासाठी तर कॅसेट घेतलीच होती. खरी गोष्ट घडते ती दुसऱ्याच गाण्यात. ‘मा रेवा’ सुरू होतं आणि तुम्ही बाहेर बघणं थांबवता. रेवा म्हणजे नर्मदा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातली डॉक्टरेट घेऊन आलेला राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात जाऊन राहिला आणि खोऱ्यातलं हे नदीचं गाणं त्याला तिथे मिळालं. या खोऱ्यात आपलीही ३३ गावं आहेत, नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. आणि ज्या महिन्यात तुम्ही हे ऐकताय, त्याच महिन्याच्या १८ तारखेला सर्वोच्च न्यायालय नर्मदेवरच्या धरणाची भिंत पुढे चढवायला परवानगी देणार आहे. गाण्यात तक्रारीचा सूर नाही. नदीची थोरवी आहे, पाण्यासारखाच पुढे पुढे जाणारा ठेका आहे. निकालाची बातमी तुम्ही चार दिवसांनी वाचाल तेव्हा मथळ्यातल्या मीटरच्या आकड्यांखाली हा ठेका वाजत राहील. मोर्च्यातल्या घोषणेनं जे झालं नव्हतं, ते या गाण्यानं तुमच्यापुरतं केलं: सातपुड्यातली एक जागा तुमची झाली.

वांद्र्याच्या आसपास खटका वाजतो. बाजू संपली. कॅसेट काढा, उलटी घाला.

वॉकमनचा एक नियम आता तुमच्या लक्षात येईल. गाणं पुढे पळवलं की पेन्सिल सेल भराभर उतरतात. सेल महाग. शिवाय पुढे पळवून नेमकं गाण्याच्या सुरुवातीला थांबणं हे कसब आहे. बहुतेक वेळा अलीकडे नाहीतर पलीकडेच गाडी थांबते. म्हणून जे येईल ते ऐकायचं. या सक्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या दशकातले माझे सगळे आवडते अल्बम या एकाच कसोटीवर उतरलेले आहेत: ज्या गाण्यासाठी पैसे दिले ते गाणं आवडलंच, पण जे मागितलंच नव्हतं ते गाणं आयुष्यात राहिलं. अशा गाण्यापर्यंत पोचायला माणसाला थोडं बांधून ठेवावं लागतं. कॅसेटनं ते काम केलं.

चला, पुढे. मे २००१, पुणे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाबाहेर कर्ण्यातून ‘लगान’ वाजतंय. सिनेमा १५ जूनला लागणार आहे, पण गाणी आधीच बाजारात आली आहेत. त्या काळाची ही रीत आज मुलांना सांगून पटत नाही. काही आठवडे तुमच्याकडे फक्त आवाज असतो. पडद्यावर काय दिसणार याचा पत्ता नाही, आणि तेवढे दिवस सिनेमा तुमचा असतो. गच्चीवर सतरंजी टाकून, उशाशी टेपरेकॉर्डर घेऊन, तुम्ही स्वतःचं चंपानेर उभं करता. ‘घनन घनन’ सुरू झालं की खरंच आभाळाकडे बघता, कारण पुण्यातही मे महिना आहे आणि वळवाचा पत्ता नाही.

कॅसेटच्या घडीच्या कागदावरची नावं वाचा. संगीत ए. आर. रहमान, गीतं जावेद अख्तर. हा सिनेमा भूजजवळच्या कुनरिया गावात २००० साली चित्रित झाला. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. म्हणजे तुम्ही ही कॅसेट ऐकताय तेव्हा ज्या भूमीवर ती गाणी नाचली, ती भूमी चार महिन्यांपूर्वी उद्ध्वस्त झालेली आहे. पाऊस मागणारं गाणं त्या माहितीसकट ऐकलं की वेगळं ऐकू येतं.

आता बाजू पालटा आणि ‘ओ पालनहारे’पर्यंत थांबा. लताबाई ७१ वर्षांच्या आहेत. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं, आणि त्यात तथ्य होतं: वरच्या पट्टीत तो पातळ होतो, श्वास कुठे घेतला ते कळतं. पण या भजनात तेच कामाला आलंय. उद्या सगळं हरू शकतं अशा माणसांची ही प्रार्थना. विशीतल्या निर्दोष गळ्यातून ती आली असती तर सुंदर वाटली असती, एवढंच. इथे ती खरी वाटते. लताबाईंबरोबर उदित नारायण आणि साधना सरगम. साधनाताई मूळच्या दाभोळच्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या. याच कॅसेटवर आशाताईही आहेत, ६७ वर्षांच्या, ‘राधा कैसे न जले’मध्ये, आणि त्यांच्या मागे मत्सराची गोड फोडणी देणारा एक ताजा गळा आहे वैशाली सामंतचा. एकाच कॅसेटवर मंगेशकरांच्या दोघी बहिणी आणि मराठी गाण्याची पुढची पिढी. सिनेमाबद्दल लोक क्रिकेटचं बोलतात, ऑस्करच्या नामांकनाचं बोलतात. मी ही कॅसेट त्या चार बायकांसाठी जपली.

ऑगस्ट २००१. तुम्ही मारुतीत मागच्या सीटवर आहात, पुढे दोघं मित्र, गाडी मुंबई-गोवा रस्त्यावर. कशेडी घाटात ट्रकच्या मागे अडकलात, काचा धुक्यानं बंद. कार स्टिरिओ ऑटो-रिव्हर्सचा आहे: एक बाजू संपली की आपोआप दुसरी लागते, म्हणून एकच कॅसेट पनवेलपासून चालू आहे आणि कुणालाही ती बदलायची नाही. ‘दिल चाहता है’ त्याच महिन्यात लागलाय आणि देशातल्या सगळ्या तिघातिघांना एकाच वेळी गोव्याला जावंसं वाटतंय. तुम्ही त्यातलेच. शापोरा किल्ल्यावर जाऊन समुद्राकडे तोंड करून बसायचं, हा बेत शंभरातल्या नव्वद गाड्यांचा आहे.

शंकर महादेवन, एहसान नूरानी आणि लॉय मेंडोन्सा. शीर्षकगीताचं गिटार लागलं की गाडीतले तिघंही गातात, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. मला तुमचं लक्ष वेधायचंय ते आवाजाच्या मापाकडे. तोवर हिंदी सिनेमाचा गायक सभागृहाच्या शेवटच्या रांगेसाठी गात असे. इथे गायक शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाशी बोलावं तसा गातो. व्हायोलिनांची भिंत नाही. गिटार, बेस आणि भरपूर मोकळी जागा. शंकर महादेवन श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले. ज्याला खळेकाकांची गाणी कानात आहेत त्याला हे ऐकताना नवल वाटणार नाही. कुठली जागा भरायची नाही हे कळणं, ही त्या घरातली शिकवण.

आणि मग, चिपळूण मागे पडल्यावर, काळोखात, ‘तन्हाई’ येतं. सोनू निगम. पुढचे दोघं बोलायचे थांबतात. याआधीची गाणी म्हणताना तिघांचे आवाज मिसळत होते; हे गाणं प्रत्येक जण एकटा ऐकतो. तुमच्यातला एक पुढच्या वर्षी अमेरिकेला जाणार आहे, दुसऱ्याशी तुमचं बोलणं तुटणार आहे. तुम्ही हे जाणता, ते दोघं जाणत नाहीत. संगमेश्वरला चहासाठी थांबाल तेव्हा एक कप जास्त सांगा, थोडा वेळ जास्त बसा.

२००२ आणि २००३ मधून आपण लवकर निघू. त्या वर्षांत सगळंच सोनं होतं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुन्या गाण्यांना धडधडता ठेका लावून केलेले रिमिक्स रस्तोरस्ती वाजत होते आणि मूळ संगीतकाराचं नाव वेष्टनावर शोधावं लागे. मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या; फोर्टच्या फुटपाथवर एकाच चकतीत दीडशे गाणी मिळू लागली. त्या चकतीवर गायकांची नावं नसत. स्वस्त होती, मीही घेतल्या, पण त्यातला एकही अल्बम माझा झाला नाही. एक गोष्ट मात्र थांबून ऐका. २००२ मध्ये अवधूत गुप्तेचं ‘ऐका दाजीबा’ वैशाली सामंतच्या आवाजात येतं आणि संगीताच्या राष्ट्रीय वाहिन्यांवर मराठी गाणं वाजतं. हॉस्टेलच्या टीव्हीखोलीत पंजाबचा मुलगा, केरळचा मुलगा त्यावर नाचतो आणि शब्दांचा अर्थ तुम्हाला विचारतो. लग्नाच्या वरातीला उपयोगी गाणं, असं म्हणून त्याला बाजूला सारणारे तेव्हाही होते. मला तसं वाटत नाही. आपल्या भाषेत आजच्या दिवसाचं नाचायचं गाणं असावं, ही साधी भूक त्यानं भागवली.

आता वेग कमी करा. २००४, पुणे, बालगंधर्व रंगमंदिराच्या बाहेर पावसाळी संध्याकाळ. छत्र्या मिटून पायरीशी ठेवलेल्या, तिकीटखिडकीवर हाऊसफुल्लची पाटी. आत संदीप खरे आणि सलील कुलकर्णी, ‘आयुष्यावर बोलू काही’. कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि तोंडोतोंडी पसरला. एक कवी, दुसरा पेटीवर बसलेला एमबीबीएस डॉक्टर. १९९८ मध्ये ‘गारवा’नं वाट करून दिलीच होती: सौमित्रची कविता आधी बोलून म्हटलेली, मग तिचं मिलिंद इंगळेच्या आवाजात गाणं झालेलं. मराठी तरुण घरच्या टेपवर कविता ऐकतो हे त्या कॅसेटनं दाखवलं. आता तीच गोष्ट समोर, मंचावर, श्वास ऐकू येईल इतक्या जवळ.

तुम्ही आलात ते प्रेमाच्या गाण्यांसाठी, कारण कॉलेजात तीच फिरतायत. मधूनच संदीप खरे उठतो, एक कविता नुसतीच म्हणतो आणि बसतो. चाल नाही, पेटी गप्प. शेजारच्या खुर्चीतल्या आजी पदराला हात लावतात, पुढच्या रांगेतला मुलगा आपल्या बाबांकडे बघतो. मध्यंतरात चिठ्ठ्या मंचाकडे जातात. बहुतेक चिठ्ठ्यांत ठरलेल्या गाण्यांचीच फर्माईश असते, पण रात्री घरी जाताना डोक्यात घोळत राहते ती कुणीच न मागितलेली कविता. अल्बम घेतल्यावरही तेच. आधीच्या पिढीची भावगीतं मला प्राणाहून प्रिय आहेत, त्यांच्या रचनेची बरोबरी इथे प्रत्येक वेळी होत नाही. पण त्यांतला माणूस बहुधा चांदण्यात उभा असे. इथे माणूस ऑफिसातून दमून येतो, घरात कुणी नसतं, आणि तो ते सांगतो. माझ्या वयाच्या मुलांना आपल्या दिवसाचं गाणं पहिल्यांदा आपल्या शब्दांत मिळालं.

आणि आता मी ज्यासाठी तुम्हाला इथवर आणलं ते. डिसेंबर २००४ चा शेवट, वाईजवळचं मेणवली. सकाळची थंडी, कृष्णेवर धुकं. नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागच्या अंगानं पायऱ्या उतरून तुम्ही घाटावर येऊन बसलाय. जवळच ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. गळ्यात हेडफोन, मांडीवर पोर्टेबल सीडी प्लेअर. आता तुम्ही कमावताय. ‘स्वदेस’ १७ डिसेंबरला लागलाय, आणि साताऱ्याच्या थेटरात तुम्ही पाहिला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे लोक त्या सिनेमाची पारायणं करतील. आज त्याला पडेल म्हणतायत. आशुतोष गोवारीकरांचं चरणपूर हे गाव नकाशावर उत्तरेत असेल, पण पडद्यावर ते याच पायऱ्यांवर आणि याच वाड्यात आहे.

प्लेअर चालू करा. ‘ये तारा वो तारा’ आधी येऊ द्या. सिनेमात वीज गेल्यावर पडदा काळा होतो आणि पडद्याच्या दोन बाजूंना जातीनं वाटून बसलेली माणसं एकाच आभाळाकडे बघतात, ते गाणं. त्यासाठी उदित नारायणांना राष्ट्रीय पुरस्कार मिळणार आहे. मग ‘ये जो देस है तेरा’. रहमान स्वतः गातो. त्याचा आवाज शिकवलेल्या गायकाचा नाही, उच्चार हिंदीवाल्याचे नाहीत, आणि परदेशात बसून घर आठवणाऱ्या माणसाला नेमका असाच आवाज हवा. तुम्हाला आठवतात अमेरिकेत गेलेले मित्र. कॅलिफोर्नियात, न्यू जर्सीत त्या हिवाळ्यात कितीतरी मराठी घरांत हे गाणं लागलं आणि नंतर भारतात फोन लागले.

पण थांबा, प्लेअर बंद करू नका. याच अल्बमवर त्या गाण्याचं शब्दांशिवायचं रूप आहे, नुसत्या सनईवर. कव्हरवर बघा: मधुकर धुमाळ. माझा सगळा जीव या नावात आहे. सनई आपल्याकडे कुठे वाजते? देवळाच्या नगारखान्यात पहाटे, आणि लग्नाच्या मांडवात, जिथे तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. अक्षता पडतात, जेवणं होतात, सनईवाला कोपऱ्यात बसून वाजवत राहतो. सनईला पडदे नाहीत, बटणं नाहीत. सूर बोटांच्या अर्ध्या उघडझापीतून आणि ओठांच्या दाबातून काढायचा. म्हणून ती दोन सुरांच्या मधून सरकत जाऊ शकते, रडण्याच्या इतकी जवळ. मुलगी सासरी निघते तेव्हा वाजणारं वाद्य. रहमाननं देशाच्या हाकेसाठी नेमकं तेच निवडलं. बिदाईचं वाद्य परत बोलावण्यासाठी वापरलं. सिंथेसायझरचे थर मागे मंद पसरलेत, आणि त्यांच्यावरून धुमाळांचा एक दीर्घ सूर येतो, खाली वळतो, परत चढतो. शब्द गेले आणि गाणं मोठं झालं.

‘लगान’ हा मोठा अल्बम आहे, लोक म्हणतात तसं. बांधणीत, व्यापात, गायकांच्या तोलामोलात ‘स्वदेस’ त्याच्या मागे असेल. तरी माझ्यापुरता पहिला नंबर याचाच, आणि तो धुमाळांच्या त्या सनईमुळे. घाटावर धुणं धुणारी बाई मधेच मान वर करते, तुमच्या कानातलं तिला ऐकू येत नाही. इच्छा झाली तर तिला हेडफोन द्या. ती नक्की ओळखेल, कुठलं वाद्य आहे ते.

पुढच्या दोन वर्षांतून जाताना हात बाहेर काढून फक्त स्पर्श करू. रब्बी शेरगिल, २००४: बुल्ले शाहची अठराव्या शतकातली काफी गिटारवर, तिच्यासाठी अल्बम घ्याल आणि वारिस शाहच्या ‘हीर’पाशी अडकाल. कैलास खेर, २००६: त्याच्या ‘कैलासा’ बँडचा पहिला अल्बम, सोबत मुंबईचे परेश आणि नरेश कामत हे भाऊ. ‘रंग दे बसंती’, त्याच वर्षीचा जानेवारी: मुंबईचा नवखा नरेश अय्यर ‘रूबरू’ गातो आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन जातो. तिथेच ७६ वर्षांच्या लताबाई ‘लुका छुपी’त मुलाला शोधणारी आई होतात. मी हे गाणं पुन्हा पुन्हा ऐकू शकत नाही, इतकं ते मला लागतं. हे तिन्ही अल्बम चांगले आहेत, पण आपल्याला गाडी पकडायची आहे.

फेब्रुवारी २०१०, गडहिंग्लज. एसटी स्टँडच्या समोर मोबाईलचं दुकान, काउंटरवर दोन संगणक, पाटीवर लिहिलंय: गाणी भरून मिळतील. कॅसेटचं दुकान याच जागी होतं, चौकशी केलीत तर हेच सांगतील. जानेवारीत राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालेत आणि ‘जोगवा’चं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे: संगीतासाठी अजय-अतुल, गायनासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल, अभिनयासाठी उपेंद्र लिमये. या भागात त्याचं कौतुक जरा जास्तच, कारण ज्या राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’वर सिनेमा उभा आहे ते इथलेच. यल्लम्माला सोडलेले जोगते आणि जोगतिणी या स्टँडवर तुम्हाला कधीही दिसतील, कपाळाला भंडारा, खांद्याला चौंडकं. आजही एक म्हातारी जोगतीण निपाणीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलेली आहे. अजय गोगावलेच्या आवाजातलं ‘लल्लाटी भंडार’ दुकानाच्या स्पीकरवर लागतं, आणि ती मान डोलावते, तोंडानं ठेका धरते. जे तिच्या गळ्यात जन्मभर होतं, ते आता पुण्या-मुंबईच्या गाड्यांत वाजतंय.

दीड महिन्यापूर्वी, २५ डिसेंबरला, असीम चक्रवर्ती गेला. पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. तुम्ही त्या वाचल्यात, आणि म्हणून आज दुकानदारानं “कुठली गाणी भरू?” विचारल्यावर तुम्ही आधी ‘कंदिसा’ सांगता. त्याच्याकडे नाही. मग ‘जोगवा’ सांगता. तो पटकन गाजलेली दोन गाणी खुणावतो, ‘जीव रंगला’ आणि ‘लल्लाटी भंडार’. बाकीची कुणी मागत नाही, तो म्हणतो, उगाच जागा अडते.

“सगळी भरा,” तुम्ही म्हणता. “आणि क्रम सीडीतलाच ठेवा.”

तो सांगतो की फोन गाणी अक्षरानुसार लावतो, त्याला क्रम कळत नाही. मग जरा विचार करतो. मागे तीन गिऱ्हाइकं थांबलीत, एसटीवाला हॉर्न देतोय. तरी तो एकेक फाईल उघडतो आणि नावाच्या आधी आकडे टाकायला लागतो: ०१, ०२, ०३. तुम्ही त्याच्या काउंटरवरचं पावतीपुस्तक ओढता, मागचं कोरं पान फाडून घेता आणि स्पीकरशेजारी पडलेल्या सीडीच्या कव्हरवरून नावं उतरवू लागता. गीतं संजय कृष्णाजी पाटील. संगीत अजय-अतुल. मग गायक, मग वादक, बारीक अक्षरातले सगळे.